नववी ब, तिसरा तास

पहिली घंटा साडेसहाला होई. लोखंडी रुळाच्या तुकड्यावर हातोडीचे सात टोले, आणि शेवटच्या टोल्यामागून कुणीतरी खोकायचं. खोकणारे होते शिपाईमामा. सर देश सोडून निघाले तेव्हा मामांनीच शाळेची घंटा फोनमध्ये भरून त्यांना पाठवली होती, आठवण म्हणून. सरांनी तिचा गजर करून टाकला. आता तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती दिवसातून नऊ वेळा वाजे. शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकलं की सर आवाज थोडा कमी करत, पण घंटा कधी चुकवत नसत.

याला आता दोन वर्षं होत आली होती. सरांची बायको नर्स. तिला इथल्या मोठ्या इस्पितळात नोकरी मिळाली आणि सर दोन वर्षांची बिनपगारी रजा टाकून तिच्याबरोबर आले. त्यांच्या पासपोर्टावरच्या शिक्क्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या इसमास येथे काम करता येणार नाही. पगारी नाही, फुकटही नाही. सरांनी ती ओळ भिंग लावून दोनदा वाचली होती आणि मग भिंग पुसून ठेवून दिलं होतं.

तिकडे ते माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत. मुलं पाठीमागे त्यांना 'होकायंत्र' म्हणत, कारण वर्गात पाऊल टाकताच त्यांचं नाक नेमकं खोड्या करणाऱ्याच्या दिशेला वळायचं. पण शाळेत त्यांचा खरा दरारा होता तो वेळापत्रकामुळे. एकोणीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनी एकट्यानं केलं होतं.

ज्यानं हे काम कधी केलेलं नाही त्याला वाटतं, चौकोन आखायचे आणि नावं भरायची. अकरा वर्ग, सतरा शिक्षक, आठवड्याचे पंचेचाळीस तास. विज्ञानाच्या बाईंची बस उशिरा येते, त्यांना पहिला तास नको. खेळाच्या सरांना मधल्या सुट्टीनंतरचा तास नको, कारण भरल्या पोटी पळवलं की मुलं ओकतात आणि मामांना पुसावं लागतं. चित्रकलेला सलग दोन तास हवेत, नाहीतर रंग वाळायच्या आत घंटा होते. आणि ऑफ तास, म्हणजे शिकवणं नसलेला मोकळा तास, सगळ्यांनाच हवा, तोही मधल्या सुट्टीला चिकटून. एवढं सगळं सांभाळून एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची: कुठलाही वर्ग एका मिनिटासाठीही शिक्षकाविना राहता कामा नये. रिकाम्या वर्गातली मुलं काय करतील याचा नेम नाही. सरांच्या पाहण्यात एकदा एक वर्ग पस्तीस मिनिटं रिकामा राहिला होता आणि तेवढ्यात मुलांनी फळा भिंतीवरून खाली उतरवला होता.

सरांची पद्धत जुनी. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या रंगीत चिठ्ठ्या, प्रत्येक शिक्षकाचा रंग वेगळा, आणि खाली पसरलेला मोठा तक्ता. आधी सगळ्यांच्या चिठ्ठ्या लावायच्या. शेवटी जी भोकं उरतील, म्हणजे शनिवारचा शेवटचा तास, जेवणानंतरची पेंगणारी आठवी, त्यांत आपल्या हिरव्या चिठ्ठ्या बसवायच्या. त्यामुळे त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला कुणाला तोंडच नव्हतं. स्वतःसाठी त्यांची मागणी एकच होती: भूगोलाचा तास नकाशांच्या खोलीत. मोठाली टेबलं आणि भिंतीवर गुंडाळी सोडायचे नकाशे असलेली खोली. फोनवर जग दाखवणाऱ्यांबद्दल सरांचं मत चांगलं नव्हतं.

चिठ्ठ्यांचा तो पत्र्याचा डबा त्यांनी इकडेही आणला होता. विमानतळावरच्या तपासनीसानं झाकण उघडलं, आत पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि काही न विचारता झाकण लावलं.

इथे आल्यावर पहिले पंधरा दिवस सर खिडकीशी बसून होते. सोळाव्या दिवशी त्यांनी स्वतःचं वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर चिकटवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, वर्गाचं जे, तेच माणसाचं. रिकामा सोडला की काय करील सांगता येत नाही.

पहिला तास स्वयंपाकघर, आणि बायको रात्रपाळीहून आली की तिचा चहा. आठच्या ठोक्याला दुसरा तास, पायी फिरून गल्ल्यांचा नकाशा काढणं. रोज एक गल्ली. झाडं, बाक, पत्रपेट्या, कुठल्या फाटकाची कडी मोडली आहे, सगळं वहीत. तिसरा तास वाचनालय. चौथा तास तळघरातलं कपडे धुण्याचं यंत्र. त्या तीन यंत्रांपैकी मधलं नाचतं हे इमारतीत सगळ्यात आधी सरांच्या लक्षात आलं. मग मधली सुट्टी. दुपारी स्वयंपाक, इथली भाषा, तिकडचे फोन, आणि आठवा तास कार्यानुभव, म्हणजे बटण लावणं किंवा नळाची जाळी घासणं. लेक तिसऱ्याच शहरात शिकत होती. तिचा फोन रविवारी, सातव्या तासाला. तिनं चुकून सहाव्या तासाला केला तर सर "नंतर कर" म्हणत.

फ्रिजवरचा तो कागद बायकोनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती हसली होती. "यात माझा तास कुठला?"

"तुला तासाची काय गरज? तू घरचीच आहेस. शाळेची वेळ सोडून कधीही."

सरांनी हे अगदी मनापासून सांगितलं. नंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. सकाळी पावणेआठला ती दमून यायची, बूट काढायची, खुर्चीत बसायची. सर समोर कप ठेवायचे. ती रात्रीचं काहीतरी सांगायला सुरुवात करायची, आणि घंटा व्हायची, मामा खोकायचे, आणि सर टोपी घालून निघायचे. उरलेला चहा ती एकटीच प्यायची.

वाचनालयात सरांनी भूगोलाचं कपाट लावायला घेतलं होतं. नकाशांची जाडजूड पुस्तकं लोक काढायचे आणि जड म्हणून कुठेही टेकवून जायचे. सर ती खंडांप्रमाणे लावत. सात महिने रोज लावत होते. एक दिवस वाचनालयाच्या बाई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही इथे काम करता असं लोकांना वाटतं. परवा एकानं तुमचं नाव विचारलं मला. तुमच्याकडे कामाचा परवाना आहे का?"

"नाही."

"मग हात नका लावू. बसून वाचा. माफ करा हं, नियम आहे."

सरांनी हातातलं पुस्तक होतं तिथे ठेवलं आणि बसून वाचलं. दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या तासाला ते त्याच खुर्चीवर बसत. समोर दोन खंड उलटसुलट लागलेले दिसत, तिकडे ते बघत नसत.

फोनवर सगळे एकच विचारत: दिवसभर करता काय? सर म्हणत, "वेळ कसा जातो कळतच नाही." यात खोटं काही नव्हतं. त्यांना खरंच कळत नसे. कंटाळा असा त्यांना एकदाही आला नाही. कंटाळा यायलासुद्धा मन जागेवर लागतं, आणि ते कुठे ठेवलंय हेच सर विसरले होते. आनंद नव्हता, दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. तास होते, आणि ते एकामागून एक भरत होते.

आणि या सगळ्या गडबडीत एक पत्र टेबलाच्या खणात पडून होतं. शाळेचं. रजा संपत आली, शाळा उघडण्याच्या दिवशी रुजू व्हा नाहीतर राजीनामा द्या, रजा यापुढे वाढणार नाही. इकडे बायकोचा करार आणखी तीन वर्षांनी वाढला होता. तिनं सही करायच्या आधी विचारलं होतं.

"तुम्हाला परत जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. राहायचं असेल तर राहा. पण काय ते एकदा सांगा, माझा जीव टांगणीला लागलाय."

"सांगतो," सर म्हणाले.

शाळेलाही त्यांनी "कळवतो" असंच कळवलं. मग ठरवायला वेळच झाला नाही. आठही तास भरलेले.

शाळा उघडायला तीन आठवडे राहिले तेव्हा गणिताच्या बाईंचा निरोप आला. सर गेल्यापासून वेळापत्रकाचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं आणि त्यांच्या नाकीनऊ आले होते. गेल्या वर्षीही त्यांनी सरांना साकडं घातलं होतं. आता पुन्हा. कोणाला किती तास, कोणाची काय अडचण, सगळी यादी पाठवली होती. भूगोलापुढे मात्र त्यांनी नाव घातलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'तुमचं कळल्यावर'.

दोन वर्षं भूगोल एक बदली शिक्षिका शिकवत होती. तरुण मुलगी, कामाला चोख, असं सगळे म्हणत. गेल्या वर्षी सरांनी तिच्यासाठी पिवळ्या चिठ्ठ्या कापल्या होत्या. त्या डब्यातच होत्या.

सरांनी पलंग भिंतीला सरकवला, जमिनीवर तक्ता पसरला आणि डबा उघडला. तीन दिवस फ्रिजवरच्या वेळापत्रकाला सुट्टी. घंटा वाजे, पण सर उठत नसत. बायको त्यांना ओलांडून स्वयंपाकघरात जाई, ओलांडून परत येई. एकदा ती दाराशी उभी राहून बराच वेळ बघत होती. सर गुडघ्यांवर बसून तोंडानं काहीतरी पुटपुटत होते आणि विज्ञानाच्या बाईंना मंगळवारी उचलून गुरुवारी ठेवत होते.

सगळं लागलं, फक्त शुक्रवार अडला. आठवीच्या चित्रकलेला सलग दोन तास नकाशांच्या खोलीतली मोठी टेबलं हवीत, आणि त्यातलाच एक तास नववी बच्या भूगोलाला. खोली एकच. सरांनी डोकं खाजवलं, चार वेळा मोडून पुन्हा मांडलं. शेवटी चित्रकलेचे दोन तास तोडले, एक शुक्रवारी, एक शनिवारी. एकोणीस वर्षांत अशी तडजोड त्यांनी केली नव्हती. तक्त्याचा फोटो काढून त्यांनी पाठवून दिला आणि पलंग जागेवर सरकवला.

भूगोलाच्या सव्वीस चौकोनांत हिरव्या चिठ्ठ्या होत्या. सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या भोकांत हात आपोआप हिरव्याकडे गेला होता. फोटो पाठवतानाही सरांच्या ते ध्यानात आलं नाही. एकोणीस वर्षं जे दिसत आलं होतं तेच त्यांना दिसलं, आणि तक्ता त्यांना पूर्ण वाटला.

शाळा उघडली त्या दिवशी सर दुसऱ्या तासाला एका आखूड गल्लीत होते. तिकडचं घड्याळ चार तासांनी पुढे. वहीत त्यांनी एक पाण्याचा नळ नोंदवला, तेवढ्यात फोन वाजला. शिपाईमामा.

"सर, कुठवर आलात?"

"कुठवर म्हणजे?"

"आता तिसरा तास झाला नववी बचा. तुम्ही काही आला नाहीत. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, विमानाला उशीर झाला असेल. मी पहाटेच येऊन खोली झाडली हो. नकाशे सगळे बाहेर काढले, धूळ किती ती. आशियाची दोरी तुटली होती, नवीन लावली."

सरांनी वही मिटली.

"पण पोरं बघा," मामा म्हणाले. "मी तीनदा डोकावलो. शिक्षक कुणी नाही, पण आवाज म्हणून नाही. वह्या उघडून, तारीख टाकून बसलेली. मी म्हटलं, अरे, कुणी नाहीये, बोला की. तर मॉनिटर पोरगी म्हणते, होकायंत्र सरांचा तास आहे, ते येतील. पस्तीस मिनिटं बसली तशीच. थांबा, मॅडम बोलतायत."

फोन मुख्याध्यापिकांकडे गेला. त्या चिडलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या.

"सर, वेळापत्रकात तुम्ही स्वतःचं नाव घातलंत. तेच तुमचं उत्तर आहे असं आम्ही धरलं. सगळ्यांना बरं वाटलं. त्या बदलीवाल्या मुलीला मी पुढचं नेमणुकीचं पत्र दिलं नाही. ती घरी बसलीय. आता एकदाच सांगा. येताय की नाही?"

गल्लीत कुणीतरी कचऱ्याचा डबा ओढत नेत होतं. सरांनी तो आवाज संपेपर्यंत वाट पाहिली.

"नाही," ते म्हणाले. "तिला आजच बोलवा. तासाभरात तक्ता सुधारून पाठवतो. राजीनामाही पाठवतो."

आवाज अगदी नीट निघाला, वर्गात हजेरी घेताना निघायचा तसा. दोन वर्षं जे ठरत नव्हतं ते एवढंच होतं.

घरी बायको झोपली होती. सरांनी पलंग न हलवता स्वयंपाकघराच्या फरशीवर तक्ता पसरला आणि चिमट्यानं एकेक हिरवी चिठ्ठी उचलून तिथे पिवळी ठेवली. सव्वीस. बदली शिक्षिका वर्गावर्गांत जाऊन पडद्यावर नकाशे दाखवायची. तिला वेगळी खोली लागत नसे. सर शुक्रवारपाशी आले आणि थांबले. नकाशांची खोली मोकळी होती. त्यांनी चित्रकलेचा तुटलेला तास शनिवारवरून उचलून शुक्रवारी ठेवला. बसला. सलग दोन. तीन दिवस न सुटलेली गाठ एका चिठ्ठीत सुटली.

सरांनी तक्ता पुन्हा तपासला. डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली. कुठेतरी एखादा माणूस दोन ठिकाणी सापडेल, एखादा वर्ग उघडा पडेल, असं त्यांना वाटत होतं. खरं तर तसं व्हावं अशी त्यांची इच्छा होती. काही सापडलं नाही. त्यांनी आजवर केलेल्या वेळापत्रकांत हे सगळ्यात चांगलं होतं.

गणिताच्या बाईंचं लगेच उत्तर आलं. 'सर, शुक्रवार सुटला की. कसं काय जमवलंत?'

सरांनी लिहिलं, 'खोली मोकळी झाली.'

हिरव्या चिठ्ठ्या त्यांनी एका पाकिटात घातल्या आणि पाकीट डब्याच्या तळाशी ठेवलं. तेवढ्यात पुढची घंटा झाली. सर तळघरात जाऊन कपडे धुऊन आले. बायको दुपारी उठली तेव्हा तिला त्यांनी काही सांगितलं नाही, आणि ती संध्याकाळी कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पावणेआठला आली. बूट काढले, खुर्चीत बसली. सरांनी समोर कप ठेवला. मग आणखी एक कप काढला आणि आपल्यासाठी ओतला. तिनं ते पाहिलं.

भिंतीवरच्या घड्याळात आठला दहा कमी झाले. तिकडे नववी बचा तिसरा तास सुरू झाला असेल. मुलं बाकांमधून उभी राहिली असतील. दारातून ती मुलगी आत आली असेल, फळ्यावरची तारीख बदलली असेल, बसा म्हणाली असेल. वर्ग भरला. सर हे सगळं बघत होते आणि त्यांना छातीत दुखलं. साधं, स्पष्ट दुखलं. इतक्या महिन्यांनी काहीतरी होतंय हे त्यांना ओळखू यायला थोडा वेळ लागला.

"काल मी शाळेला 'नाही' म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "राजीनामा पाठवला."

बायकोनं कप खाली ठेवला. "कधी ठरवलंत?"

"ठरवलं नाही. तक्त्यात माझंच नाव घातलं होतं चुकून. पोरं पस्तीस मिनिटं वाट बघत बसली. एकानं आवाज केला नाही गं. फळा उतरवला असता तर बरं झालं असतं."

सर रडू लागले. आवाज न करता, नाक पुसत, हातातला चहा न सांडू देता. बायकोनं त्यांच्या हातातून कप काढून घेतला. तिला बोलायचं बरंच होतं, दोन वर्षांचं, पण रात्रभर उभं राहून तिचे पाय सुजले होते आणि डोळे मिटत होते.

आठ वाजले. रुळावर सात टोले पडले, मामा खोकले. सरांची टोपी दाराशी खुंटीवर होती. तिनं टोपीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तुमचा तास झाला," ती म्हणाली.

सरांनी फोन उचलून घंटा बंद केली आणि पालथा ठेवला.

"हा ऑफ आहे," ते म्हणाले. "काल रात्रीचं काय सांगत होतीस?"

"काल नव्हते सांगत. परवा."

"मग परवाचं सांग."

ती सांगू लागली. तिसऱ्या वाक्याला खुर्चीतच तिचा डोळा लागला. सर समोर बसून राहिले.